ख्रिस्ती वर्षातले सण : पुण्यातल्या शेजाऱ्यांनी विचारलेले प्रश्न

माझे माहेर नगरचे, प्रोटेस्टंट. सासर पुण्यात नाना पेठेतले, कॅथलिक. दोन्हीकडची भाषा मराठीच, पण सण पाळायच्या रीती वेगळ्या. लग्नानंतर पहिली काही वर्षे मीच सासूबाईंना प्रश्न विचारत होते. पुढे ऑफिसमधल्या मैत्रिणी, सोसायटीतल्या काकू, मुलांच्या वर्गातल्या आया मला विचारू लागल्या. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकदाची सविस्तर लिहिली आहेत.

नाताळ हाच तुमचा सर्वांत मोठा सण ना?

नाही. सर्वांत मोठा सण ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस. लोकांना हे ऐकून नवल वाटते, कारण बाजारात नाताळ दिसतो आणि ईस्टर दिसत नाही. कॅम्पात डिसेंबरमध्ये रोषणाई होते, ईस्टरच्या पहाटे रस्ते रिकामे असतात.

वयानेही ईस्टरच थोरला आहे. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ईस्टर नेमका कोणत्या दिवशी पाळावा यावरून मतभेद झालेले आहेत, म्हणजे तेव्हा तो सगळीकडे पाळला जात होता. २५ डिसेंबरच्या नाताळची सर्वांत जुनी नोंद मात्र रोममधली, इसवी सन ३३६ ची. शिवाय आम्ही दर रविवारी चर्चला जातो तेही त्या घटनेमुळेच. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी कबरेतून उठला, म्हणून शनिवारच्या शब्बाथाऐवजी (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) रविवार आला. वर्षातला प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच असतो. नाताळ मलाही फार प्रिय आहे, पण या वर्षाचा कणा कोणता असे विचाराल तर तो ईस्टर.

मग तुमचे नवीन वर्ष १ जानेवारीला सुरू होते का?

घरातले कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. उपासनेचे वर्ष त्याआधीच, नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. तिथून नाताळापर्यंत आगमनकाळ. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एकेक जास्त लावतात. या दिवसांत खरे तर वाट पाहायची असते, उत्सव नंतर. पण पुण्यात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासूनच शाळाशाळांत, कंपन्यांत नाताळाचे कार्यक्रम सुरू होतात. माझ्या सासूबाई त्या काळात घरात नाताळगीते लावू देत नसत. ‘अजून बाळ जन्मलं नाही,’ म्हणायच्या. मलाही आता तेच बरोबर वाटते.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण पंचांग पाहायची सवय असलेल्या माणसाला याचे उत्तर चटकन कळते.

येशूला क्रुसावर दिले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी. वल्हांडण त्यांच्या निसान महिन्यात पौर्णिमेच्या सुमारास येतो. (पुण्यात हा सण आजही पाळला जातो. कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६० च्या दशकातले आहे.) म्हणजे ईस्टरची मूळ घटना तिथीला बांधलेली आहे, तारखेला नाही. आपली रामनवमी इंग्रजी तारखांमध्ये मागेपुढे होते, त्याच कारणाने ईस्टरही होतो. फरक इतकाच, की ईस्टरला तिथीबरोबर वारही सांभाळावा लागतो, कारण तो रविवारीच आला पाहिजे.

इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथे धर्मसभा भरली. सर्व ख्रिस्ती लोकांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असे तिथे ठरले. त्यातून पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

ही पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाहीत, कोष्टकावरून काढतात. कोष्टक १९ वर्षांच्या चक्रावर उभे आहे. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. १९ वर्षांचे बारा-बारा महिने धरले तर २२८ होतात, वर उरतात सात. आपल्या पंचांगात साधारण १९ वर्षांत सात अधिक मास येतात ते यामुळेच. गणित एकच आहे. पंचांगाने अधिक महिना घातला, चर्चने ईस्टर मागेपुढे सरकू दिला.

म्हणून तुम्हाला ईस्टर कधी आहे याचा अंदाज हवा असेल तर होळी आणि हनुमान जयंती पाहा. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२५ मध्ये २० एप्रिलला, हनुमान जयंतीनंतरचा दुसरा रविवार, कारण कोष्टकातली पौर्णिमा १३ एप्रिलला, रविवारीच आली होती. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे.

नाताळ २५ डिसेंबरलाच का? येशूचा जन्म खरंच त्या दिवशी झाला?

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, जन्मतारीख दिलेली नाही. त्यांतल्या एकाचा लेखक लूक सांगतो की मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, पण महिना सांगत नाही.

तारखेबद्दल दोन मते ऐकू येतात. एक म्हणजे रोमी लोक हिवाळ्यात, दिवस मोठा होऊ लागतो त्या सुमारास सूर्याचा उत्सव करत, त्या जागी ख्रिस्ती लोकांनी आपला सण आणला. दुसरे मत असे, की येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला असा जुना हिशेब होता, आणि थोर पुरुषाचा गर्भसंभव व मृत्यू एकाच तिथीला असतो अशी समजूत होती. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. २५ मार्च हा मरीयेला देवदूताने निरोप दिल्याचा सण आजही आहे. मला दुसरे मत जास्त पटते, कारण त्यात चर्चचा स्वतःचा विचार दिसतो. पण खरे सांगायचे तर आम्ही तारखेचे पूजन करत नाही. देव माणूस होऊन एका गोठ्यात जन्मला हे साजरे करतो.

सगळे ख्रिस्ती २५ डिसेंबर पाळतातच असेही नाही. आर्मेनियन चर्च जन्मोत्सव ६ जानेवारीला करते. रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण ते जुने जुलियन कॅलेंडर धरतात. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारले, त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. जुन्या आणि नव्या कॅलेंडरमधले अंतर आज तेरा दिवसांचे आहे.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. त्याचा अर्थ जन्माशी संबंधित. गोव्याकडून तो मराठीत आला आणि मराठीच होऊन गेला.

घरी नाताळ कसा करता? फक्त केक?

माझ्या माहेरी केक फार उशिरा आला. आईच्या हातचा नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि अनारसे. दिवाळीला शेजारून आलेला फराळ आम्ही खायचो, नाताळला आमची ताटे त्यांच्याकडे जायची. घराला रंग, नवे कपडे, अंगणात रांगोळी आणि दारावर कागदी चांदणी. ती चांदणी म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्याची आठवण. पण ती करायची पद्धत आकाशकंदिलाचीच, कामट्या आणि पतंगी कागद. सासरी, मूळ गोव्याकडच्या घरांच्या संगतीने, कलकल आणि नेवऱ्या हे गोड पदार्थ शिकले. कलकल काट्याच्या पाठीवर वळायचे असतात आणि त्यासाठी घरातली सगळी पोरे कामाला लागतात.

मुलांचे मुख्य काम गोठा करायचे. पुण्यातली मुले दिवाळीत किल्ला करतात हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या मुलांनी दिवाळीच्या किल्ल्याची माती जपून ठेवली आणि डिसेंबरमध्ये तीच बेथलेहेमच्या डोंगराला वापरली. हळिवाचे हिरवे शेत तसेच उगवले, फक्त मावळ्यांच्या जागी मेंढपाळ उभे राहिले. येशूजन्माचा असा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी खऱ्या बैल-गाढवासह उभा केला होता, तिथून ही रीत सर्वदूर गेली. गव्हाणीत बाळ मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवायचे नाही. तोवर गव्हाण रिकामी.

डिसेंबरच्या मध्यापासून चर्चची तरुण मंडळी रात्री घरोघर गाणी म्हणत जातात. कॅथलिक मंडळींकडे गिटार असते, आमच्याकडे पेटी, ढोलकी आणि टाळ. मराठी ख्रिस्ती गाण्याला रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-भजनाची वाट दिली. त्यामुळे आमची भक्तिगीते कीर्तनाला बसलेल्या कुणालाही ओळखीची वाटतील. एकदा आमच्या गल्लीतल्या आजोबांनी खिडकी उघडून ताल धरला होता. ती रात्र मी विसरणार नाही.

ते तीन राजे कोण होते?

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांना पूर्वेकडून आलेले मागी म्हटले आहे, राजे नाही. तीन हा आकडाही तिथे नाही. भेटी तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसे तीन धरली गेली. त्यांचा सण ६ जानेवारीला. त्या दिवशी आमच्या घरातला गोठा आवरतात.

सांताक्लॉज बायबलमध्ये आहे का?

नाही. मायरा या आजच्या तुर्कस्तानातल्या गावचे चौथ्या शतकातले बिशप संत निकोलस यांच्या दानशूरपणाच्या कथांवरून तो आला. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो.

१ जानेवारीला चर्चमध्ये कशासाठी गर्दी असते?

३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना असते. सरत्या वर्षाचे आभार मानून, गुडघे टेकून बारा वाजवायचे. पण १ जानेवारीला स्वतःचा एक सणही आहे. नाताळापासून मोजला तर तो आठवा दिवस. यहुदी रीतीप्रमाणे आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि त्याचे नाव येशू ठेवले, असे लूक सांगतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे, तसे हे. गुरुवार पेठेतले पंचहौद चर्च सगळ्यांना माहीत आहे, उंच घंटाघराचे. टिळक, रानडे वगैरेंनी तिथे चहा घेतल्याच्या १८९० च्या त्या गाजलेल्या प्रकरणामुळे पंचहौद मिशनचे नाव इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. त्या चर्चचे खरे नाव पवित्र नाम देवालय. ते नाव या नामकरणाचेच आहे.

एका बुधवारी तुमच्या कपाळावर राख होती. ती कशाची?

तो राखेचा बुधवार. ईस्टरआधीचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेली पाने लोक घरी ठेवतात, ती परत आणून चर्चमध्ये जाळतात आणि तीच राख फादर कपाळावर क्रुसाच्या खुणेने लावतात. लावताना सांगतात की तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. राख पुसायची की ठेवायची हे ज्याचे त्याने ठरवावे. मी ऑफिसला तशीच जाते. कोणी विचारले तर सांगते.

उपवास चाळीस दिवसांचा म्हणता, पण मोजले तर सेहेचाळीस भरतात!

बरोबर मोजलेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यात सहा रविवार येतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. उरले ४०. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते का?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. चालते, आणि भाकरीही चालते. आमच्याकडे उपासाचे पदार्थ आणि बिगरउपासाचे पदार्थ अशी यादी नाही. कॅथलिक नियम प्रमाणाचा आणि मांसाचा आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाने एकदाच पोटभर जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसे. मांस १४ वर्षांपासून पुढे सर्वांना वर्ज्य. प्रोटेस्टंट मंडळींत असा लिखित नियम नाही, पण माझी आजी सगळा उपवासकाळ एकवेळ जेवायची आणि वाचलेले धान्य एका डब्यात साठवायची. ईस्टरच्या आठवड्यात तो डबा गरजू घरी जायचा. आजी नेहमी सांगायची की उपासाने जे वाचते ते कुणाच्या तरी पोटात गेले पाहिजे, नाहीतर ती नुसती काटकसर. आता मी पैसे बाजूला ठेवते, पण डबा तोच आहे, पितळी.

झावळ्यांचा रविवार म्हणजे काय?

ईस्टरच्या आधीचा रविवार. येशू गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत आला, तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन ‘होसान्ना’ म्हणत त्याचे स्वागत केले. आम्ही झावळ्या हातात घेऊन चर्चभोवती मिरवणूक काढतो. मुले पानांचे क्रूस विणतात. पाच दिवसांनी हीच गर्दी ‘क्रुसावर द्या’ म्हणून ओरडली, हे त्याच उपासनेत वाचले जाते, आणि हातात झावळी धरून ते ऐकताना दरवर्षी घसा दाटून येतो.

गुड फ्रायडेला शुभेच्छा द्यायच्या का?

नका देऊ. तो येशूच्या मरणाचा दिवस आहे. इंग्रजीतल्या त्या ‘गुड’चा जुना अर्थ पवित्र असा होता. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, त्यानेही गैरसमज होतो हे मला कळते. माझ्या फोनवर दरवर्षी फुलांची चित्रे येतात, पाठवणाऱ्यांच्या मनात प्रेम असते, म्हणून मी कुणाला दुखवत नाही. पण इथे स्पष्ट लिहिते : त्या दिवशी काही म्हणायचेच असेल तर ‘आज तुमची आठवण झाली’ म्हणा. शुभेच्छा रविवारी द्या.

त्या आठवड्यात काय काय होते तेही सांगते. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची आठवण. त्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून कॅथलिक चर्चमध्ये फादर मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात, पुसतात. पूर्वी ते बारा पुरुषच असत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून बायकाही बसू शकतात. माझ्या सासूबाई त्यानंतर एका वर्षी त्या बाकावर बसल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांपाशी वाकलेली बाई, फादरांनी तिचा पाय हातात घेतल्यावर ती रडली.

त्या मिस्सानंतर, म्हणजे प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेनंतर, वेदीवरचे सगळे वस्त्र काढून ती उघडी करतात. घंटा वाजत नाहीत, त्याऐवजी लाकडी टाळ. शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही, वर्षातला असा हा विशेष दिवस. सकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरचे चौदा मुक्काम आठवत प्रार्थना, दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाची उपासना आणि क्रूसाला वंदन. आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन बसायचे. येशूने क्रुसावरून सात वचने उच्चारली, त्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात, बहुधा सात वेगवेगळी माणसे बोलतात. एप्रिलचे ऊन, पंखे गरगरतात, पांढऱ्या साड्या, आणि मुलेसुद्धा गप्प. तीन वाजता कोणी काही न बोलता घरी जातात. जेवायला साधा वरणभात.

आणि ईस्टर?

शनिवारी रात्री कॅथलिक चर्चच्या अंगणात अंधार करून नवा विस्तव पेटवतात. त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. तिची ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळे चर्च उजळते. तीन दिवस गप्प असलेल्या घंटा गौरवगीताच्या वेळी एकदम वाजतात. ते ऐकायला तरी एकदा या.

माहेरी मात्र ईस्टर पहाटेचा. चारला उठून, थंड पाण्याने तोंड धुऊन, अंधारात गाणी म्हणत प्रभातफेरी निघायची ती कबरस्तानात पोहोचायची. मरीया मग्दालीया आणि तिच्या सोबतिणी पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेल्या आणि कबर रिकामी सापडली, म्हणून आम्हीही आपल्या माणसांच्या कबरांपाशी उभे राहून सूर्य उगवताना पाहतो. पाळक मोठ्याने म्हणतात, ‘प्रभू उठला आहे!’ आणि सगळे उत्तर देतात, ‘खरोखर उठला आहे!’ आईला पुरल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला माझ्या तोंडून ते उत्तर निघेना. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारबाबांनी माझ्या वाटचे मोठ्याने म्हटले. हा सण आमचा कणा का आहे असे कोणी विचारले की मला ती पहाट आठवते.

अंडी कशासाठी?

उपवासकाळात पूर्वी अंडीही वर्ज्य असत, ती ईस्टरला पुन्हा खायची. शिवाय कवच फोडून बाहेर येणारा जीव ही पुनरुत्थानाची खूण. कॅम्पातल्या बेकऱ्यांत त्या दिवसांत साखरेची आणि मार्झिपानची अंडी मिळतात, गुड फ्रायडेला क्रूस काढलेले बनपाव.

ईस्टर झाला की वर्ष संपले?

ईस्टरचा हंगाम पन्नास दिवस चालतो. चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण. पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला तो दिवस. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे की शिष्य बोलू लागले आणि निरनिराळ्या देशांच्या लोकांना ते आपापल्या भाषेत ऐकू आले. म्हणून मला हा मराठी मंडळीचा खास सण वाटतो. देव आमच्याशी मराठीत बोलतो याला आधार तोच. पुण्यात एका रविवारी मराठी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम, कोंकणी अशा कितीतरी भाषांत उपासना होतात, तेव्हा पेंटेकॉस्ट रोजचाच होतो. बहुतेक वेळा मे महिन्याच्या सुट्टीत येतो म्हणून चर्च अर्धे रिकामे असते, याची मला दरवर्षी हळहळ वाटते.

त्यापुढचा रविवार त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाचा. मग आगमनकाळापर्यंत लांबलचक साधा काळ. पाऊस, पेरणी, गणपती, दिवाळी हे सगळे त्यातच येऊन जाते.

मरीयेचे सण कोणते?

कॅथलिक घरांत पुष्कळ. ८ सप्टेंबर तिचा जन्मदिवस. त्या सुमारास श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, पुण्याहून माणसे जातात, काही चालत जातात. १५ ऑगस्टला तिच्या स्वर्गोन्नयनाचा सण, त्यामुळे आमच्याकडे सकाळी मिस्सा आणि लगेच चर्चच्या आवारात झेंडावंदन. ८ डिसेंबरला निष्कलंक गर्भसंभव. हा येशूच्या गर्भसंभवाचा सण आहे असे पुष्कळांना वाटते, पण तो मरीयेच्या स्वतःच्या गर्भसंभवाचा आहे. ती आईच्या उदरात आली तेव्हापासूनच पापाच्या डागापासून मुक्त होती, अशी श्रद्धा. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ती शिकवण अधिकृत केली. क्वार्टर गेटजवळच्या आमच्या सिटी चर्चला मात्र हेच नाव आहे, आणि ते चर्च १७९२ चे, पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले.

म्हणजे चर्चच्या नावावरून सण कळतो?

बरेचदा. पुण्यात फिरताना पाट्या वाचा. खडकीचे ऑल सेंट्स : १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस. सेंट पॅट्रिक कॅथीड्रल : १७ मार्च. कॅम्पातले सेंट झेवियर : ३ डिसेंबर. सेंट इग्नेशियस, पुन्हा खडकी : ३१ जुलै. कर्वे रस्त्यावरच्या सेंट क्रिस्पिन्सचा २५ ऑक्टोबर. संत क्रिस्पिन हे चांभारकाम करणाऱ्यांचे आश्रयदाते. येरवड्याचे सेक्रेड हार्ट हे पवित्र हृदयाच्या सणाचे, तो पेंटेकॉस्टनंतर एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी. हे दिवस त्या त्या चर्चचे वार्षिक सण. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, मग मोठा मिस्सा.

पितृपक्षासारखे काही आहे का?

२ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. आधीच्या आठवड्यात कबरी धुऊन, गवत काढून, चुना लावतात. त्या दिवशी फुले आणि मेणबत्त्या. फादर कबरस्तानात मिस्सा करतात. प्रोटेस्टंट लोक मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, ते त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतात. माझ्या घरात दोन्ही होते आणि त्यावरून भांडण झालेले नाही.

सगळेच ख्रिस्ती हे सगळे पाळतात का?

नाही. कॅथलिक सर्वांत जास्त. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (स्थापना १९७०) बहुतेक वर्ष पाळते, संतांचे आणि मरीयेचे सण कमी. ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत अनेक जण उपवासकाळ मानत नाहीत. औंधकडच्या स्पायसर विद्यापीठाचे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक शनिवारी उपासना करतात. म्हणून एका ख्रिस्ती माणसाकडून ऐकलेले सर्वांना लागू धरू नका, माझ्याकडून ऐकलेलेही.

खेड्यांतल्या मंडळ्यांचा एखादा वेगळा सण?

हंगामाचा सण. ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी, गुळाची ढेप, जे शेतात-घरात आले त्यातले पहिले चर्चमध्ये आणायचे. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. पुण्यात शेत नाही, तरी आमच्या चर्चमध्ये बायका लोणची, पापड, कुंडीतले टोमॅटो आणतात. गेल्या खेपेला मी नेलेल्या कढीपत्त्याच्या रोपाला चांगली बोली लागली.

फादरांचे कपडे दर वेळी वेगळ्या रंगाचे का?

आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, पेंटेकॉस्ट, उत्तम शुक्रवार आणि हुतात्म्यांचे दिवस लाल, साधा काळ हिरवा. वर्षातून दोनदा गुलाबी.

पुढच्या तारखा सांगाल?

२०२७ : राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, उत्तम शुक्रवार २६ मार्च, ईस्टर २८ मार्च, पेंटेकॉस्ट १६ मे, आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबर. २०२८ : राखेचा बुधवार १ मार्च, ईस्टर १६ एप्रिल.

आम्ही चर्चमध्ये आलो तर चालेल का?

चालेल, या. २४ डिसेंबरच्या रात्री फार गर्दी असते, त्यामुळे आधी विचारून वेळ पक्की करा. ‘मध्यरात्रीचा मिस्सा’ म्हणत असले तरी पुष्कळ ठिकाणी तो आता लवकर सुरू होतो. चपला काढायच्या की नाही हे दारात बघा, काही मराठी चर्चमध्ये काढतात. सगळे उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले की तुम्ही बसून राहिलात तरी हरकत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेने पुढे जातील. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, त्याला प्रसाद समजून रांगेत जाऊ नका, जागेवर शांत बसा. शेवटी दारात पाळक किंवा फादर उभे असतात, त्यांच्याशी दोन शब्द बोला. आणि जमले तर नाताळऐवजी ईस्टरच्या पहाटे या, बसायला जागाही मिळेल.